शेवटचे पाच शॉट आणि बाहेरची हवा: शंभर यार्ड बेंचरेस्टमधलं एक प्रकरण

आपल्याकडे एअर रायफल म्हटलं की दहा मीटर, बालेवाडी आणि साठ शॉट एवढंच डोळ्यांसमोर येतं. तिथे रायफलला बाहेरून हवा जोडण्याची वेळ येत नाही. इथे मांडलेलं प्रकरण दुसऱ्याच खेळातलं आहे. अमेरिकेत चांगला रुजलेला शंभर यार्डांचा (९१.४ मीटर) एअर रायफल बेंचरेस्ट, म्हणजे ॲरिझोनातल्या एक्स्ट्रीम बेंचरेस्टसारख्या स्पर्धांमध्ये चालतो तो प्रकार. रायफल पुढे-मागे बॅगांवर टेकलेली, नेमबाज बेंचाशी बसलेला, समोर पंचवीस छोट्या टार्गेटांचं कार्ड. प्रत्येक टार्गेटवर एकच शॉट, शिवाय वेगळ्या जागी सायटर, म्हणजे गुणांत न धरले जाणारे सरावाचे शॉट.

प्रकरण नमुन्याचं आहे. यातला नेमबाज ही कोणी एक खरी व्यक्ती नाही. आकडे मात्र या वर्गातल्या रायफलींना साजेसे घेतले आहेत आणि कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही ताडून बघता येतील.

रायफल ०.३० इंच बोअरची (बॅरलचा आतला व्यास ७.६२ मिमी), पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी), आत रेग्युलेटर, म्हणजे हवेचा दाब एका आकड्यावर धरणारा भाग, असलेली. पेलेट (एअर रायफलची गोळी) २.९ ग्रॅमची, वेग सेकंदाला २७० मीटर, ऊर्जा सुमारे १०५ ज्यूल. पुढच्या बाजूला ४८० घनसेंटिमीटरची बाटली, कमाल दाब २५० बार. रेग्युलेटर १५० बारवर लावलेला. एका शॉटला साध्या वातावरणीय दाबाला मोजलेली सुमारे १.०५ लिटर हवा लागते. रायफलचं वजन स्कोपसह ७ किलो.

पहिलं कार्ड: बाटलीवरच

नेमबाजाने बाटली २५० पर्यंत भरली आणि लगेच लाईनवर आला. बेंचावर बसेपर्यंत गेज २४० दाखवत होतं. यात गळती नव्हती. घाईने भरलेली हवा गरम होते आणि थंड झाली की दाब उतरतो. पंधरा सायटर मारले, मग कार्ड. वीस शॉट नीट गेले. एकविसाव्यापासून छिद्रं खाली सरकू लागली आणि शेवटचे दोन शॉट मधोमध धरूनही सुमारे ४ सेंटिमीटर खाली लागले.

हिशोब मांडला की हे आधीच दिसतं. ०.४८ लिटर गुणिले २४०, वजा ०.४८ गुणिले १५०, असं केलं तर ४३ लिटर मिळतात आणि ४१ शॉट निघतात. कार्ड आणि सायटर मिळून ४०. कागदावर जेमतेम बसलं. पण एवढ्या दाबाला हवा आदर्श वायूसारखी वागत नाही. २४० बारला प्रत्यक्षात सुमारे ६ टक्के कमी हवा मावते, १५० बारला जवळपास हिशोबाइतकीच. म्हणून वापरता येणारी हवा ४३ नाही, ३७ लिटर, म्हणजे ३५ शॉट. पस्तिसावा शॉट म्हणजेच कार्डावरचा विसावा. त्यापुढे बाटलीचा दाब रेग्युलेटरच्या आकड्याखाली जातो, रेग्युलेटर उघडाच राहतो आणि रायफल बिनरेग्युलेटरची होते. दर शॉटला सव्वादोन बार उतरत चाळिसाव्या शॉटपर्यंत बाटली १३८–१३९ वर येते.

वेगातली थोडीशी घट शंभर यार्डांवर एवढी का दिसते? पेलेट तिथे पोचायला अंदाजे ०.३८ सेकंद घेते. तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने सुमारे ७० सेंटिमीटर खाली येते, आणि स्कोपचा झिरो (नेम धरलेल्या जागीच शॉट लागेल अशी जुळणी) तेवढी उंची आधीच धरून लावलेला असतो. वेग १ टक्क्याने घटला की ही घसरण २ टक्क्यांनी वाढते, म्हणजे १४ मिलिमीटर. २७० चा वेग २६२–२६३ झाला की ४ सेंटिमीटर गेलेच.

याच कार्डात आणखी एक गोष्ट होती, पण ती नेमबाजाने वाऱ्याच्या खाती टाकली. पहिले वीस शॉटही एका रेषेत नव्हते, हळूहळू खाली सरकत होते. या रायफलच्या रेग्युलेटरमध्ये पिस्टनचं छोटं टोक सीटवर, म्हणजे हवेचं छिद्र असलेल्या बैठकीवर, बसतं आणि बाटलीचा दाब त्या टोकाला ढकलून पिस्टन उघडायला बघतो. बाटलीचा दाब उतरला की हा ढकला कमी होतो, म्हणून बाहेर पडणारा दाबही थोडा उतरतो. किती, ते दोन व्यासांवर ठरतं. सीटचं छिद्र २ मिमी आणि पिस्टनचं डोकं १४ मिमी असेल तर क्षेत्रफळांचं गुणोत्तर १ ला ४९. बाटली २४० वरून १५० वर आली, म्हणजे ९० बार उतरली, तर आतला दाब १.८ बारने उतरणार. त्याचे वेगात दीड मीटर, टार्गेटवर ७–८ मिलिमीटर. या खेळात एवढ्यानेही गुण जातात.

बाहेरची हवा घ्यायचीच का?

इथे दोन-तीन साधे उपाय होते. सायटर आठवर आणायचे. बाटली आदल्या दिवशी सावकाश भरून थंड झाल्यावर पुन्हा २५० करायची. किंवा ४८० ची बाटली काढून ७०० ची लावायची. प्रत्येकाने थोडं काम झालं असतं. पण सायटर कमी करणं म्हणजे वारा वाचायचा कमी करणं, आणि शंभर यार्डांवर पेलेटचा खेळ वाऱ्याचाच असतो. मोठी बाटली म्हणजे वजन आणि तोल दोन्ही बदलणार. शिवाय यातला कोणताही उपाय दाबाची ती हळूहळू घसरण थांबवत नाही. म्हणून बाहेरचा सिलिंडर रायफलला सामन्यातही जोडलेला ठेवायचा, म्हणजे टेदर करायचा, असं ठरलं. आमच्या मते या ऊर्जेच्या रायफलला हा निर्णय योग्यच आहे. २५ मीटरच्या, १६ ज्यूलच्या वर्गात मात्र टेदर म्हणजे नुसती अडगळ. तिथे एका भरण्यात कार्ड पुरं होऊन हवा उरते.

सामान असं जमवलं:

- कार्बन-फायबरचा ६.८ लिटरचा सिलिंडर, ३०० बार भरलेला.
- त्याच्या व्हॉल्व्हवर बसणारा, बाहेर देण्याचा दाब ठरवता येणारा रेग्युलेटर. त्याला दोन गेज, एक सिलिंडरच्या बाजूचं, एक होजच्या बाजूचं. होजच्या (नळीच्या) बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि होजमधली हवा सोडायचा ब्लीड स्क्रू.
- मायक्रोबोअर होज, आतला व्यास २ मिमी, लांबी दीड मीटर, टोकाला फॉस्टर कपलर (पटकन जोडता-काढता येणारी जोडणी). कपलर ज्यावर चढतो ते फॉस्टर निपल रायफलवर आधीपासून होतंच.

यातला रेग्युलेटर ऐच्छिक नाही. रायफलची बाटली २५० ची आणि सिलिंडर ३०० चा. मधे काही न घालता दोन्ही जोडून व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर बाटली तिच्या मर्यादेबाहेर भरली जाणार. भरताना माणूस गेजकडे बघत असतो, सामन्यात तो स्कोपमध्ये बघत असतो.

सिलिंडर पुरण्याचा प्रश्न नव्हता. ३०० वरून २०० पर्यंत उतरताना तो साधारण ५२० लिटर देतो, म्हणजे पाचशेच्या आसपास शॉट. पण तोच सिलिंडर २३० वर घेऊन गेलात तर २०० पर्यंत जेमतेम १६० शॉट हाती राहतात. म्हणून सकाळी आधी सिलिंडरचं गेज बघायचं.

दुसरं कार्ड: नळी जोडून

बाहेरचा रेग्युलेटर २०० वर लावला, होज जोडला, बसला. रायफलची बाटली आधीच्या सवयीने २४० भरलेली होती. पंधरा सायटर, उंचीचा झिरो पक्का केला, कार्ड सुरू. शेवटपर्यंत एकही शॉट खाली पडला नाही. पण जवळजवळ सगळं कार्ड डावीकडे गेलं, सरासरी १२ मिलिमीटर. शिवाय दोन शॉट उगाचच वर गेले, दोन्ही लांब थांबल्यानंतरचे.

आधी सायटरांचं बघू, कारण ते पटकन संपतं. रायफलच्या भरण्याच्या तोंडाशी एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त असेल तरच तो उघडतो. बाटलीत २४० आणि होजमध्ये २०० असेल तर बाहेरून काहीच आत येत नाही. रायफल स्वतःचीच हवा खात राहते आणि २४० वरून २०० वर यायला तिला पंधरा शॉट लागतात. नेमके सगळे सायटर. म्हणजे झिरो लावला एका अवस्थेत आणि कार्ड मारलं दुसऱ्या अवस्थेत. यातून ३–४ मिलिमीटरच फरक पडला, तरी तो फुकटचा होता. टेदर करायचं तर बाटली बाहेरच्या रेग्युलेटरच्या आकड्यालाच आणून ठेवायची, वर नाही.

आता ते १२ मिलिमीटर डावीकडे. पहिला संशय साहजिकच वाऱ्यावर. पण वाऱ्याने गेलेले शॉट पसरतात, आणि हे एकगठ्ठा सरकले होते. दुसरा संशय असा की रायफल मागे धक्का घेताना होज तिला ओढत असेल. हे जवळजवळ सगळ्यांच्या मनात आधी येतं, पण हिशोबात बसत नाही. २.९ ग्रॅमची पेलेट ७०० मिमी बॅरलमधून जाते तेवढ्यात ७ किलोची रायफल मागे सरकते ती पेलेटच्या वजनामुळे ०.३ मिमी, हवेचं वजन धरलं तर थोडी जास्त. गोळी बाहेर पडेपर्यंत रायफल अर्धा मिलिमीटरसुद्धा हललेली नसते. होजमध्ये बोटभर जरी ढील असेल तरी त्या क्षणी तो काही ओढू शकत नाही. रायफल पुढे दहा-पंधरा मिलिमीटर मागे येते, पण तेव्हा पेलेट वाटेत असते.

राहिलं ते शॉटच्या आधीचं. रायफलचं निपल फोरएंडच्या, म्हणजे बॅगेवर टेकणाऱ्या पुढच्या भागाच्या, डाव्या बाजूला होतं. होज तिथून बाहेर पडून बेंचाच्या कडेवरून खाली लोंबत होता. टोकाला पितळी-पोलादी कपलर, मग लोंबणाऱ्या होजचं वजन, आणि त्यात २०० बार. रिकामा होज हाताने गुंडाळता येतो, दाबाखालचा होज ताठ होतो आणि वळणातून सरळ व्हायला धडपडतो. या सगळ्याने फोरएंडची डावी कडा बॅगेत किंचित खाली दाबली गेली होती.

तपासण्याची रीत सोपी आहे. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, बॅगांवर नीट बसवलेली, हात लावायचा नाही. स्कोपमधून रेटिकल (नेम धरायची खूण) एका टार्गेटच्या मध्यावर आणायचं. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि डोळा स्कोपला ठेवूनच दुसऱ्याकडून ब्लीड स्क्रू उघडून घ्यायचा. फुस्स आवाज होतो, होज सैल पडतो, आणि त्याच क्षणी रेटिकल टार्गेटवरून तिरकं सरकतं. या रायफलवर ते ०.३ मिल सरकलं (एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग), म्हणजे शंभर यार्डांवर पावणेतीन सेंटिमीटर. पण सरकण्यापेक्षा महत्त्वाचा होता स्कोपवरचा बबल, म्हणजे रायफलचा कल दाखवणारा पाणसळीचा बुडबुडा. होजमध्ये दाब असताना तो डावीकडे कललेली रायफल दाखवत होता, साधारण एक अंश. दाब काढल्यावर मध्यावर आला. नेमबाजाने बबल बघितला होता, पण होज जोडायच्या आधी.

रेटिकल सरकलं तर नेमबाज पुन्हा मध्यावर आणतो, त्यामुळे त्याने चूक होत नाही. कलण्याने होते. स्कोप झिरो केलेला असतो ७० सेंटिमीटरची घसरण भरून काढायला, सरळ वरच्या दिशेने. रायफल एक अंश डावीकडे कलली की ही भरपाईही एक अंश डावीकडे कलते. ७०० मिमीला एक अंशाच्या साइनने गुणलं की १२ मिमी, डावीकडे. उभ्या दिशेत होणारा फरक एक दशांश मिलिमीटर, म्हणजे काहीच नाही. कार्डावर हेच दिसलं होतं.

काय बदललं

साधा कपलर काढून फिरणारा लावला, म्हणजे होजचा पीळ रायफलवर येत नाही. बेंचावर डावीकडे एक छोटा जड स्टँड ठेवला आणि त्यावर, निपलच्याच उंचीला, होज सैल क्लिपमध्ये अडकवला. निपल ते क्लिप यांमध्ये ४० सेंटिमीटर होज मोकळ्या कमानीत, पिळाशिवाय. क्लिपच्या पुढे होज बेंचाच्या पायाला वेल्क्रो पट्टीने बांधला, म्हणजे खाली कोणाचा पाय लागला तरी झटका रायफलपर्यंत पोचत नाही. सिलिंडर उभा न ठेवता जमिनीवर आडवा, दोन लाकडी पाचरींमध्ये, सावलीत.

बाहेरचा रेग्युलेटर २०० वरून १८० वर आणला. आतल्या १५० पेक्षा तो ३० बार जास्त आहे, तेवढं पुरतं. दोन शॉटांच्या मधल्या काही सेकंदांत २ मिमीच्या होजमधूनही लिटरभर हवा सहज येते. दाब कमी म्हणून होज कमी ताठ, आणि सिलिंडर ३०० वरून १८० पर्यंत वापरता येत असल्याने शॉट सहाशेपर्यंत गेले. इथे काही जण १६० वरही आणतात. ते आम्हाला पटत नाही, कारण आतल्या रेग्युलेटरला श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि एकमार्गी व्हॉल्व्ह उघडण्यातच काही बार जातात.

हा एकमार्गी व्हॉल्व्ह दर शॉटला उघडत नाही, हेही लक्षात ठेवायचं. त्याच्या स्प्रिंगला आणि ओ-रिंगच्या चिकटपणाला हरवण्याइतका फरक पडला की मगच तो उघडतो. त्यामुळे बाटलीचं गेज १८० वर खिळून राहत नाही, करवतीच्या दात्यांसारखं दहाएक बार खाली-वर होतं. नवशिके हे बघून होज बदलायला निघतात. गरज नाही. आतल्या रेग्युलेटरपुढे दहा बार म्हणजे ०.२ बार. पण रायफलमध्ये रेग्युलेटरच नसेल तर हे दहा बार थेट टार्गेटवर उमटतात, आणि तशा रायफलला टेदर लावताना हा व्हॉल्व्ह साफ करून त्याची ओ-रिंग बदलणं हे पहिलं काम.

मग झिरो नव्याने, होज जोडूनच. बाटलीवर २४० ला लावलेला झिरो आणि टेदरवर १८० चा झिरो यांत ५–६ मिमीचा फरक पडणारच, कारण ६० बारचा ४९ वा भाग सव्वा बार होतो.

सुधारणा खरी की वाऱ्याची मेहेरबानी, हे तपासायला पाच-पाच शॉटांचे सहा ग्रुप मारले. एक होज जोडून, एक होज काढून, आळीपाळीने. काढलेल्या प्रत्येक ग्रुपआधी बाटली १८० वर आणलेली. आधी तिन्ही जोडलेले आणि मग तिन्ही काढलेले मारले असते तर मधल्या तासात बदललेला वारा आणि ऊन होजच्या नावावर चढलं असतं. तुलना ग्रुपच्या आकाराची करायची नाही, मध्याची करायची. पाच शॉटांच्या ग्रुपचा आकार नशिबाने कितीही लहान-मोठा येतो. दोन्ही प्रकारच्या मध्यांमधलं आडवं अंतर आता २ मिमी आलं. आधी ते १२ होतं.

लांब थांबल्यानंतरचे शॉट

वर गेलेल्या त्या दोन शॉटांचं कारण होजमध्ये नव्हतं. वारा थांबण्याची वाट बघत नेमबाज तीन-चार मिनिटं थांबला होता, दोन्ही वेळा. आतल्या रेग्युलेटरची सीट पूर्ण बंद होत नसेल तर या वेळात बाटलीची हवा थेंबाथेंबाने आत झिरपते आणि १५० चे १५४–१५५ होतात. पुढचा शॉट जोरात जातो. बाटलीवर चालतानाही हे होतच असणार, पण तेव्हा खाली सरकणाऱ्या ग्रुपमध्ये ते झाकलं गेलं. टेदरने बाकी सगळं स्थिर केलं म्हणून हे उघडं पडलं.

पडताळणी क्रोनोग्राफवर, म्हणजे पेलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर करायची. अर्ध्या मिनिटाच्या अंतराने पाच शॉट, मग दहा मिनिटं थांबून एक. शेवटचा शॉट आधीच्या पाचांच्या पल्ल्याबाहेर ३–४ मीटरने जास्त आला तर सीट खराब. रायफलला रेग्युलेटरच्या पुढचं गेज असेल तर क्रोनोग्राफही नको, काटा चढताना दिसतो. सीटवर बारीक खड्डा किंवा ओ-रिंगवर धूळ, यांपैकीच काहीतरी सापडतं. सीट उलटी करून बसवली किंवा बदलली, शुद्ध सिलिकॉन ग्रीस अगदी नाममात्र लावलं की काम होतं. खनिज तेल, शिलाई मशीनचं तेल, डब्ल्यूडी-४० यांतलं काहीही उच्च दाबाच्या हवेजवळ न्यायचं नाही. दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. सामन्याच्या दिवशी हे दुरुस्त होत नाही. त्या दिवशी उपाय एकच: लांब थांबलात तर पुढचा शॉट सायटरवर मारून टाका.

बाहेरचा रेग्युलेटरही असाच झिरपू शकतो, आणि तो जास्त धोक्याचा, कारण त्याच्या मागे ३०० बार आहेत. आदल्या रात्री होज बंद ठेवून १८० वर लावायचा, व्हॉल्व्ह उघडा, आणि एक तासाने होजच्या बाजूचं गेज बघायचं. १८० चे १९५ झाले असतील तर तो सामन्याला न्यायचा नाही. उन्हाचाही हिशोब असतो. २० अंशाला भरलेला सिलिंडर ४५ अंशाला गेला की दाब साडेआठ टक्क्यांनी चढतो, ३०० चे ३२५ होतात. उघड्या रेंजवर, वाळवंटी दुपारी, गाडीच्या डिकीत ४५ च्याही वर जातं.

नियम

कार्डावर एवढं डोकं घालण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो: चालतं का? बेंचरेस्टमध्ये आयोजकानुसार नियम वेगळे आहेत, आणि रायफलचं वजन गटात बसतं की नाही हे होज धरून मोजायचं की सोडून, हाही प्रश्न उरतो. सामन्याच्या आधी लेखी विचारून लेखी उत्तर घेतलेलं बरं. बेंचाशी उभं राहून रेंज ऑफिसरशी वाद घालण्यात कार्डाची मिनिटं जातात.

आपल्याकडच्या दहा मीटर नेमबाजांसाठी उत्तर स्पष्ट आहे. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत सिलिंडर बदलायचा किंवा भरायचा असेल तर रेंज ऑफिसरची परवानगी घेऊन फायरिंग पॉइंट सोडावा लागतो. लाईनवर होज जोडून बसणं त्यात बसत नाही. लागतही नाही. तिथली पेलेट ०.५३ ग्रॅमची, वेग १७० च्या आसपास, ऊर्जा साडेसात ज्यूल. २०० बारच्या एका भरण्यात दोनशेहून जास्त शॉट निघतात, आणि सामना ७५ मिनिटांत साठ शॉटांचा. तिथे लक्ष द्यायचं ते सिलिंडरच्या मुदतीकडे. बहुतेक उत्पादक एअर सिलिंडरला दहा वर्षं देतात, तारीख सिलिंडरवरच असते आणि ती सांभाळण्याची जबाबदारी खेळाडूची. आणि या प्रकरणातली रायफल भारतात परवान्याशिवाय विकत घेता येत नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपेक्षा मोठं बोअर किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागतो, आणि ही दोन्ही मर्यादा ओलांडते.

जोडणं आणि काढणं

जोडताना सिलिंडर बंद, ब्लीड उघडा, बोल्ट उघडा, चेंबर रिकामं. कपलर निपलवर चढवून ‘खट्’ आवाज ऐकायचा, मग उलट ओढून बघायचं. ब्लीड बंद. सिलिंडरचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडायचा, गेज चढायला दहा-पंधरा सेकंद लागले पाहिजेत. झटक्यात उघडला तर होजच्या बंद टोकाशी हवा दाबली जाऊन एवढी तापते की ओ-रिंग करपते. सिलिंडरमध्ये कोरडी, गाळलेली हवाच हवी. ऑक्सिजन कधीही नाही, एकदाही नाही.

सीझफायर झालं आणि लोक टार्गेटांकडे निघाले की बोल्ट उघडा, चेंबर फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) आत, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. व्हॉल्व्ह बंद केला तरी होजमध्ये १८० बार तसेच असतात. दीड मीटर होजमध्ये पाच घनसेंटिमीटरसुद्धा जागा नाही, पण तेवढी हवा सुटा कपलर तोंडावर फेकायला पुरते. रेंज ऑफिसरने होज काढायला सांगितलं तर आधी ब्लीड, होजच्या बाजूचं गेज शून्यावर, आणि मग कपलर. दाब असताना फॉस्टर हाताने निघतच नाही असं समजून पकडीने झटका देणारे असतात. तो निघतो.

होज सुटल्यावर रायफलच्या बाटलीत अजून १८० बार आहेत, म्हणजे बाहेरच्या हवेशिवाय बारा शॉट. कार्डाच्या मध्येच कपलरची ओ-रिंग फाटून हिस्स आवाज आला तर याच बारा शॉटांवर कार्ड पुढे न्यायचं. होज काढा, बबल पुन्हा बघा, एक सायटर मारा. ओ-रिंग कार्डानंतर बदला, एक जोड खिशात असतेच.